ब्लेझारचे चढउतार अनेक तरंगलांब्यांत पाहायचेत, कोणता निवडू?

द्राक्षबाग: नमस्कार मंडळी. निफाडजवळ शेतावर आठ इंची न्यूटोनियन कायमची बसवली आहे. इक्वेटोरियल माउंट, मोनो कॅमेरा, बी-व्ही-आर (निळा, हिरवट-पिवळा, तांबडा) फिल्टर. रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांची फोटोमेट्री, म्हणजे तेजमापन, बऱ्यापैकी जमते. भाचीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचाय आणि दोघांच्याही डोक्यात ब्लेझार (ज्याच्या मध्यातल्या कृष्णविवराचा झोत आपल्या दिशेने रोखलेला असतो अशी दीर्घिका) बसलाय. दृश्य प्रकाश आम्ही मोजू, पण गॅमा, क्ष-किरण, रेडिओ यांच्याशी तो ताडून पाहायचाय. बीएल लॅसर्टी, मार्केरियन ४२१ की ओजे २८७? आणि बाकीचा डेटा आमच्यासारख्यांना मिळतो का?

ध्रुवमत्स्य: डोळे मिटून बीएल लॅसर्टी. १९२९ साली हॉफमाइस्टरने याला रूपविकारी ताराच समजून नोंदवलं होतं, तुमच्या जातकुळीतलाच आहे. १९६८ मध्ये एका रेडिओ स्रोताशी त्याची जागा जुळली आणि मग हा तारा नव्हेच, ही भानगड कळली. २०२०-२१ मध्ये तो असा काही भडकला की लहान दुर्बिणींनाही सोपा झाला. एरवी तेरा ते पंधरा प्रत (आकडा मोठा तितका मंद) धरून चाला.

उत्तरा_फाल्गुनी: बीएल लॅसर्टी चांगलाच, पण पावसाचं काय? तो ऑगस्टअखेर मध्यरात्री डोक्यावर येतो, म्हणजे ऐन ढगांत. तुमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी, आणि मे महिन्यात पहाटे उठायची तयारी असेल तर थोडा. मार्केरियन ४२१ मार्चमध्ये मध्यरात्री माथ्यावर असतो, आकाशही स्वच्छ.

ध्रुवमत्स्य: त्याच्या शेजारी, दोनेक कलांवर, सहाव्या प्रतीचा ५१ सप्तर्षी तारा बसलाय. आठ इंचीत त्याचा झगमगाट पार्श्वभूमी नासवतो. शिवाय मूळ अडचण भौतिकीची आहे. ब्लेझारच्या वर्णपटाला दोन उंचवटे असतात: पहिला सिंक्रोट्रॉनचा (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशाचा), दुसरा बहुधा त्याच इलेक्ट्रॉनांनी फोटॉनना ढकलून वर नेल्याचा. मार्केरियन ४२१ मध्ये पहिला उंचवटाच क्ष-किरणांपर्यंत जातो. त्यामुळे धमाल क्ष-किरणांत आणि अतिऊर्जावान गॅमात चालते, दृश्य प्रकाश मात्र आळसटल्यासारखा हलतो. भाचीच्या हाती बाकीच्यांचे सुंदर आलेख आणि स्वतःची जवळजवळ सपाट रेघ येईल. बीएल लॅसर्टीत तो उंचवटा दृश्य प्रकाशाच्या आसपास असतो, म्हणून दृश्य आणि फर्मी या अंतराळ दुर्बिणीच्या गॅमा किरणांची चढण पुष्कळदा बरोबरीने दिसते. नेहमी नाही. दिसली नाही तर तीही नोंदच.

कोकणकडा: ओजे २८७ चं काय? बारा वर्षांचं चक्र, दोन कृष्णविवरं... प्रकल्पाला भारदस्त विषय!

उत्तरा_फाल्गुनी: बारा वर्षांचं चक्र आणि नऊ महिन्यांचा प्रकल्प! त्यात एका प्रारूपाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलेला उद्रेक दिसलाच नाही, वाद अजून चालू आहे. आणि कोणत्याही ब्लेझारमध्ये आवर्तन शोधू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांची चंचलता अशी असते की दोन-तीन लाटा आपोआप नियमित वाटतात. पावसाळ्याची दरवर्षीची खिंडार तर खोटं वार्षिक चक्र फुकट बनवून देते. ध्रुवमत्स्य म्हणतात ते पटलं, बीएल लॅसर्टीच घ्या. ऑक्टोबरपासून सुरू करा.

डेटाचं असं:

गॅमा: फर्मीची लाइट कर्व्ह रिपॉझिटरी (तेजाच्या आलेखांचा ऑनलाइन साठा). तीन दिवस, आठवडा, महिना अशा टप्प्यांत आलेख तयार मिळतात, नोंदणीही नको. फर्मी २००८ पासून साऱ्या आकाशाला दर तीनेक तासांनी फेरी मारतो, त्यामुळे पाऊस असो वा नसो, गॅमाची रेघ तुटत नाही. ब्लेझार मंद असताना तीन दिवसांचे ठिपके फार मोठ्या अनिश्चिततेचे येतात, तेव्हा आठवड्याचे घ्या.

क्ष-किरण व अतिनील: स्विफ्ट हा उपग्रह. तो सतत बघत नाही, कुणी मागणी केली की बघतो, म्हणून तिथे ठिपके विरळ. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाचा (२०१५) जुना डेटा इस्रोच्या संग्रहात आहे, तो अतिनील ते कठीण क्ष-किरण एकाच वेळी टिपतो. वाचायला अडलं तर पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत ॲस्ट्रोसॅटचा साहाय्य कक्ष आहे.

रेडिओ: ओव्हन्स व्हॅलीची ४० मीटर दुर्बीण, १५ गिगाहर्ट्‌झ. इथे उशीर अपेक्षित धरा. झोताचा आतला भाग रेडिओला अपारदर्शक असतो, झोतातली तेजस्वी गाठ बाहेर आल्यावरच चमक दिसते, म्हणून गॅमानंतर आठवडे-महिने लागू शकतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आठवण येणारच सगळ्यांना, पण तिच्या कमी वारंवारितांवर हे बदल फारच संथ. या कामाला ती नको.

द्राक्षबाग: ठरलं मग, बीएल लॅसर्टी. बी-व्ही-आर तिन्ही घेऊ का?

ध्रुवमत्स्य: रोज आर. चांदणं नसेल आणि हवा शांत असेल तेव्हाच तिन्ही. तुलनेला बी, सी, एच, के हे ठरलेले तारे वापरा. मोजणीच्या छिद्राची (प्रतिमेवर ब्लेझारभोवती काढायच्या वर्तुळाची) त्रिज्या ८ विकला, पार्श्वभूमीचं कडं १० ते १६ विकला. वेबट (होल अर्थ ब्लेझार टेलिस्कोप, १९९७ पासूनची मोहीम, हौशी निरीक्षकांनाही घेते) हाच आकडा पाळते. ब्लेझारभोवती यजमान दीर्घिकेचा प्रकाश असतो, रोज वेगळं छिद्र ठेवलंत तर सीइंगचे (हवेच्या थरथरीने प्रतिमा पसरण्याचे) चढउतार ब्लेझारच्या नावावर जमा होतात.

उत्तरा_फाल्गुनी: आणि वेळ यूटीसीतच नोंदवा, उघडझापेच्या (एक्स्पोजरच्या) मध्यावरची. लॅपटॉप भारतीय वेळ लावतो, साडेपाच तासांचा फरक रात्रीतल्या रात्रीत होणाऱ्या बदलांत सहज लपतो. पहिल्या महिन्याचे आलेख झाले की इथेच टाका, कच्चे असले तरी चालतील.