दोघांच्या संसाराला कॉस्टकोचं कार्ड परवडतं का?

प्रेषक: नवीन सभासद, मॉरिसव्हिल

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं फेब्रुवारीत पुण्याहून इथे, नॉर्थ कॅरोलिनात, आलो. एका बेडरूमचं घर, एक गाडी. ऑफिसमध्ये जो भेटतो तो विचारतो, "कॉस्टकोचं कार्ड काढलंत की नाही?" म्हणजे ते वर्षाची वर्गणी भरून सभासद झाल्यावरच माल देणारं घाऊक दुकान. परवा मैत्रिणीबरोबर ॲपेक्सच्या दुकानात जाऊन आले. तिने ट्रॉली भरली, मी नुसती बघत होते. दोन डझन अंडी, तीन पौंड बदाम, वीस पौंड बासमती. भाव खरोखर कमी वाटले, पण हे सगळं ठेवायचं कुठे आणि संपवायचं कधी? मेमध्ये सासू-सासरे चार महिन्यांसाठी येणार आहेत, त्यामुळे तोपर्यंत काय ते ठरवायचं आहे. मैत्रीण म्हणते, एकदम एक्झिक्युटिव्ह, म्हणजे त्यांचं महागडं कार्डच घे. तुमचा अनुभव सांगाल का?

प्रेषक: ॲपेक्सचा दादा

वहिनी, बिनधास्त घ्या. साधं कार्ड वर्षाला ६५ डॉलरचं, म्हणजे महिन्याला साडेपाचसुद्धा नाही. मी तर नुसत्या त्यांच्या पंपावरच्या पेट्रोलवर वसूल करतो. समजा गॅलनमागे वीस सेंट वाचले आणि आठवड्याला बारा गॅलन लागले, तर वर्षाला सव्वाशे डॉलर झाले. अट एकच: पंप तुमच्या रोजच्या वाटेवर हवा. मुद्दाम वीस मैलांचा हेलपाटा घालून पेट्रोल भरायला जाण्यात काही राम नाही. टायर बदलायची वेळ आली तर तेही तिथेच बघा. बसवून देण्याच्या पैशांतच पुढचं बॅलन्सिंग आणि पंक्चर येतं.

आणि दाराशी जाताना व्हिसा कार्ड जवळ ठेवा. दुकानात दुसरं कुठलंही क्रेडिट कार्ड चालत नाही. माझ्या भावाला भरलेली ट्रॉली बाजूला लावून घरी जावं लागलं होतं.

प्रेषक: काकू, केरी

अगं, मी जरा सविस्तर लिहिते. या विषयावर मी गेलं वर्षभर मनापासून विचार केला आहे.

आधी हे दुकान मुळात कोणासाठी निघालं ते बघ. १९७६ साली सॅन डिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब सुरू झाला, तो छोट्या व्यावसायिकांसाठी. हॉटेलवाले, किराणावाले, कचेऱ्या चालवणारे तिथून माल उचलायचे. घरगुती गिऱ्हाईक नंतर आलं. कॉस्टको १९८३ मध्ये सिएटलला निघालं आणि १९९३ मध्ये दोन्ही एक झाले. म्हणून तिथली पाकिटं अजून दुकानदाराच्या मापाची आहेत. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांच्या वर वस्तू असतात, इथे चार हजारांच्या आसपास. ब्रँडच्या मालावर चौदा टक्क्यांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या कर्कलंड ब्रँडवर पंधरा टक्क्यांच्या वर नफा लावायचा नाही, हा त्यांचा जुना नियम आहे. नफ्यातला मोठा वाटा येतो तो आपल्या वर्गणीतून. म्हणजे माल स्वस्त असतो हे खरंच आहे, त्यात कोणाची फसवणूक नाही. प्रश्न आपल्या घराचा आहे.

माझं माहेर सांगलीचं. चैत्र-वैशाखात वर्षाचं धान्य भरलं जायचं. गव्हाची पोती आली की अंगणात चादरी पसरायच्या, चार दिवस ऊन दाखवायचं, मग निवडणं, चाळणं. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावायचा. आईचे तळवे त्या दिवसांत असे चिकट असायचे की ती आमच्या वेण्या घालत नसे, ते काम आत्याकडे जायचं. डब्यात तळाला आणि वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. पानाला नऊ माणसं होती, म्हणून ते धान्य वर्षभरात संपायचं. आणि संपेपर्यंत कोणीतरी दर पंधरवड्याला झाकण उघडून हात घालून बघायचं.

हे मी का सांगते आहे? घाऊक खरेदी आपल्याला नवीन नाही. धान्य भरणं म्हणजे नुसतं विकत घेणं कधीच नव्हतं. ते राखायचं काम, त्याला लागणारी जागा आणि खाणारी तोंडं, या तिन्ही गोष्टी असल्या तरच ते स्वस्त पडायचं. कॉस्टको यातली एकही देत नाही. ती तुझ्या घरात आहेत का, एवढंच बघायचं.

मुलं घरी होती तेव्हा आमच्याकडे चौघं होतो, दोन गॅलन दूध चार दिवसांत संपायचं. मुलं कॉलेजला गेली तरी माझा हात त्याच मापाने उचलत राहिला. गेल्या वर्षी मी फ्रीजच्या दाराला एक वही टांगली आणि फेकलेली प्रत्येक वस्तू तिच्यात लिहिली. मार्च महिन्याचं पान आत्ता समोर आहे: पालक अर्धी पिशवी, मफिन पाच, हमस पाऊण डबा, काकड्या दोन, अक्रोड, जवळजवळ दोन पौंड, खवट. त्या अक्रोडांचं मला फार वाईट वाटलं. बर्फी करायला काढले, एक जिभेवर ठेवला तर जुन्या रंगाच्या डब्यासारखी चव. चूक माझीच, कपाटात शेगडीच्या वर ठेवले होते. अक्रोडाचं तेल लवकर खवटतं, त्याची जागा फ्रीजमध्येच. पण फ्रीज तर दुधाने आणि पालकाने भरलेला.

वहीचा हिशेब केला तेव्हा दिसलं की नासकं जे होतं ते सगळं ताजं किंवा तेलकट होतं. पेपर टॉवेल, साबण, डाळ, साखर, यांतलं एकदाही काही लिहावं लागलं नव्हतं. तेव्हापासून मी तिथून मोजक्याच गोष्टी घेते.

पहिलं लोणी. बिनमिठाचं, एकेक पौंडाची चार पाकिटं एकत्र बांधलेली. दुधाचा स्निग्धांश ऐंशी टक्के, म्हणजे चार पौंडांतून तीन पौंडांच्या आसपास तूप निघतं. लगेच कढवायला वेळ नसेल तर तसंच फ्रीजरमध्ये महिनोन्महिने राहतं. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेव, फेस खाली बसून तळाला बेरी बदामी झाली की गॅस बंद, आणि उतरवताना तुळशीची दोन पानं. बेरीत साखर घालून सासऱ्यांना दे, त्यांना लहानपण आठवेल. या एका वस्तूवर माझं साधं कार्ड निघतं, कारण तूप आम्ही रोज खातो आणि तयार बाटलीचे भाव तू बघितलेच असशील.

दुसरा तांदूळ. पण इथली हवा दमट, जूनमध्ये डब्यात हमखास टोके होतात. पिशवी आणली की पाच-पाच पौंडांचे भाग कर आणि प्रत्येक भाग चार दिवस फ्रीजरमध्ये ठेव. दाण्यात अंडी असली तरी मरतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भर. एरंडेलाची जागा इथे फ्रीजरने घेतली आहे.

गव्हाचं पीठ मात्र मोठ्या पिशवीचं घेऊ नकोस. सबंध गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं, दोन-तीन महिन्यांत कडवट होतं, उन्हाळ्यात जाळीही धरते. दोघांना दहा पौंड पुष्कळ, ते पटेल ब्रदर्समधून, म्हणजे आपल्या भारतीय किराणा दुकानातून आण. हळद, तिखट, मोहरीसुद्धा तिथूनच. मसाल्याचा मोठा डबा म्हणजे सहा महिन्यांनी नुसता रंग.

आणि पाटीवर बारीक अक्षरात पौंडाचा किंवा औंसाचा भाव असतो तो वाच. मोठ्या आकड्याकडे बघूच नकोस. साध्या दुकानात सेल असतो तेव्हा तो पुष्कळदा कॉस्टकोच्या खाली जातो. किंमत ९७ सेंटवर संपत असेल तर तो माल उतरवलेल्या भावात आहे. पाटीच्या कोपऱ्यात चांदणीची खूण (*) असेल तर पुन्हा येणार नाही असं समज.

कार्ड घे किंवा घेऊ नकोस, पण आधी महिनाभर वही टांग. मी मनापासून सांगते.

प्रेषक: केरीतला एक सभासद

काकूंचं पटलं. एक सुचवू का? आपल्याच कॉम्प्लेक्समध्ये चार मराठी घरं आहेत. एकच कार्ड काढून आळीपाळीने वापरलं तर? भिशीसारखं.

प्रेषक: खजिनदार

भिशी करा, पण कार्ड फिरवू नका. कार्ड ज्याचं त्यानेच वापरायचं असतं. त्याच पत्त्यावर राहणाऱ्या एका प्रौढ व्यक्तीला दुसरं कार्ड फुकट मिळतं, त्यापलीकडे नाही. २०२४ पासून दारात कार्ड स्कॅन करायची यंत्रं बसवली आहेत, त्यामुळे फोटोसह तपासतात. आपल्या मराठी मंडळाच्या माणसाला दारात थांबवलं जावं हे मला तरी बरं वाटणार नाही.

सरळ मार्ग आहे. सभासदाला दोन पाहुणे बरोबर नेता येतात, पैसे मात्र सभासदाने द्यायचे. तीन घरांनी एकत्र जायचं, एकाने बिल भरायचं, घरी येऊन वाटणी करायची. आम्ही गणपतीच्या महाप्रसादाला असंच करतो. दोनशे पानांचा स्वयंपाक असतो तेव्हा त्या दुकानाचं माप बरोबर आपल्याच मापाचं होतं: तेल, साखर, द्रोण, पाण्याच्या बाटल्या. उरलेलं त्याच रात्री वाटून टाकतो, मंडळाच्या कपाटात खायचा पदार्थ ठेवत नाही.

एक्झिक्युटिव्हचा हिशेब: ते १३० डॉलरचं, म्हणजे ६५ जास्त, आणि खरेदीवर दोन टक्के परत. ६५ भरून यायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी, महिन्याला साधारण २७१. पेट्रोल त्यात धरत नाहीत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोघांच्या घराला एवढं तिथून लागू नये. लागायला लागलं तर काकूंची वही उघडा. साधं कार्ड घेऊन बघा, पसंत पडलं नाही तर वर्गणी परत देतात.

सासू-सासऱ्यांची औषधं भारतातून आणलेली पुरली नाहीत तर एवढं लक्षात ठेवा: तिथल्या औषधांच्या दुकानात सभासद नसतानाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध घेता येतं. पाहुण्यांना बहुतेकदा इथला विमा नसतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

प्रेषक: नवीन सभासद, मॉरिसव्हिल

सगळ्यांचे, विशेषतः काकूंचे मनापासून आभार. तीन आठवडे वही टांगली. आमच्या घरात फेकलं गेलं ते असं: कोथिंबीर दोनदा, ब्रेडचे चार तुकडे, दही अर्धा डबा. यातलं काहीच कॉस्टकोचं नव्हतं, म्हणजे मोठ्या मापाआधीच आमचं हे चाललंय. फ्रीजर उघडून मोजला. आत वाटाणे, बर्फ आणि आईने दिलेल्या पुरणपोळ्या. चार पौंड लोणी मावेल, तांदळाचा एकच भाग मावेल.

म्हणून ठरवलं, साधं कार्ड, आणि तेही मेमध्ये, सासू-सासरे आल्यावर. सासूबाईंना फोनवर काकूंचं पत्र वाचून दाखवलं. एरंडेलाचं ऐकल्यावर त्या पुष्कळ वेळ बोलत राहिल्या, त्यांच्याकडे तांदळाला बोरिक पावडर लावत. म्हणाल्या, मी आले की डब्यांचं माझ्याकडे सोपव.

तोवर वाटणीत आम्हाला धरा. दादा, या शनिवारी तुम्ही जाणार असाल तर मी येते. वजनकाटा माझ्याकडे आहे, पुण्याहून आणलेला, किलोचा. लोण्यातली दोन पाकिटं आम्हाला, उरलेली दोन कोण घेणार?

प्रेषक: काकू, केरी

एक मला. आणि येताना रिकामी बरणी आण, परवा कढवलेलं थोडं तूप काढून ठेवते.