जळगावात रोल-प्लेइंगचा खेळदिवस: नवख्यांसाठी खुला असावा की नसावा?

(चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आणि गाव)

गिरणाकाठ (जळगाव)

दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी जळगावात टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांचा एक पूर्ण दिवस भरवावा, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच खेळाडू आणि एक गेम मास्टर टेबलाभोवती बसतात; गेम मास्टर प्रसंग उभा करतो, आपले पात्र त्या प्रसंगी काय करील ते प्रत्येक खेळाडू सांगतो, आणि जिथे यश येईल की नाही याची खात्री नसते तिथे फासा टाकून निकाल ठरवला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आजही बहुतेकांची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

माझा आग्रह एवढाच आहे की हा दिवस पूर्णपणे नवख्यांचा असावा. आपल्याकडे ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांतील बहुतेकांनी तो मोबाइलवर पाहिलेला आहे; प्रत्यक्ष टेबलावर बसलेले फार थोडे. म्हणून पात्रे आधीच तयार करून द्यावीत, कथा साडेतीन तासांत पूर्ण होणारी असावी, टेबलावर मराठी किंवा अहिराणी बोलावी आणि प्रवेश विनामूल्य ठेवावा. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असल्यामुळे, श्रेय नोंदवून पात्रांची पत्रके मराठीत छापण्यास अडचण नाही. सभागृह मिळेल, खेळाडूही मिळतील. तयारीचे गेम मास्टर मिळणे सर्वांत कठीण आहे, म्हणून चार टेबले आणि दोन सत्रे एवढाच आवाका धरला आहे. मते कळवावीत.

लळिंगचा पायथा (धुळे)

प्रस्तावामागची तळमळ मला समजते, तरीही माझा त्याला विरोध आहे. या खेळाचा जीव सलगपणात आहे. पहिल्या बैठकीत ज्या सावकाराला खेळाडूंनी फसवले, तो चौथ्या बैठकीत गावचा कारभारी होऊन समोर येतो, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरते ती साडेतीन तासांच्या कथेत कधीच येत नाही. तयार पात्र हातात ठेवून नवख्याला बसवले की तो पत्रकावरचे आकडे वाचतो, फासा टाकतो, एखाददुसरी लढाई जिंकतो आणि ‘ठीक होते’ असे म्हणून घरी जातो. त्याला खेळ दिसलेलाच नसतो, आणि आपण मात्र त्याला खेळ दाखवला असे समजतो.

इतिहासही हेच सांगतो. अर्नेसन यांचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्स यांचे ग्रेहॉक ही दोन्ही कल्पित जगे ओळखीच्या माणसांनी पुन्हा पुन्हा एकत्र बसून खेळताना घडली. ग्रेहॉक तर गायगॅक्स यांच्या घराच्या तळघरात वाढले. तेव्हा चार गेम मास्टर खरोखरच हाताशी असतील, तर त्यांनी आपापल्या घरी पाच-पाच माणसे जमवावीत आणि सहा महिने नेमाने खेळ चालवावा. दिवस भरवण्याची घाई कशासाठी?

जंक्शन (भुसावळ)

माझा विरोध दिवसाला नाही, विनामूल्य प्रवेशाला आहे. व्याख्यानाला शंभर नावे नोंदवून साठ माणसे आली तरी व्याख्यान होते. इथे पाच जणांच्या टेबलावर दोघेच आले तर कथाच उभी राहत नाही, आणि त्यासाठी पंधरा दिवस तयारी केलेला गेम मास्टर पुढच्या वेळी येत नाही. शंभर रुपये अनामत घ्यावी आणि खेळाडू टेबलावर बसताच ती त्याच्या हातात परत द्यावी. ज्याला यायचेच आहे त्याचे काही जात नाही.

वेळेचेही पाहावे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर आणि धरणगावची मंडळी सुरतच्या मार्गावरील गाडीने थेट जळगावला उतरू शकतात; धुळ्याची रेल्वे मात्र चाळीसगावकडे जाते, त्यामुळे धुळेकरांना एसटीच बरी पडते. अकराच्या आधी सत्र सुरू केले तर हा दिवस फक्त जळगाव शहराचा होईल. आणखी एक सूचना अशी की, एका मोठ्या सभागृहाऐवजी शाळेचे चार वर्ग घ्यावेत. चार गेम मास्टर एकाच छताखाली बोलू लागले की प्रत्येकाचा आवाज चढत जातो आणि हळू बोलणारा खेळाडू गप्प बसतो. पंख्याखाली पत्रके उडतात, म्हणून प्रत्येकाला क्लिप लावलेले पुठ्ठे द्यावेत. फासे लादीवर घरंगळू नयेत म्हणून टेबलावर रुमाल अंथरलेले स्टीलचे ताट ठेवावे.

केळीबाग (रावेर)

आपल्या भागात फासा दिसला की पालकांच्या मनात पहिली शंका जुगाराची येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांचे डाव कसे रंगतात आणि त्यात किती घरांचे पैसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शंकेबद्दल दोष देता येणार नाही. त्यात दारातच पैसे घेताना आणि देताना कोणी पाहिले तर सगळेच अवघड होईल. माझ्या मते अनामत आधीच ऑनलाइन घ्यावी, ठिकाण सार्वजनिक वाचनालयाचे किंवा शाळेचे असावे, आणि अठरा वर्षांखालील मुलांबरोबर पालकाने पहिला अर्धा तास टेबलाशेजारी बसावे. एवढे होणार नसेल तर दिवस सर्वांसाठी खुला ठेवू नये, या मतावर मी ठाम आहे.

तोरणमाळ (नंदुरबार)

आतापर्यंतची चर्चा जागा, पैसे आणि वेळेची झाली. कथेबद्दल कोणी बोलले नाही. नवख्यांना जवळची वाटावी म्हणून कथा सातपुड्यात घडवण्याचा मोह इथल्या गेम मास्टरांना होईल हे मी गृहीत धरते, कारण मलाही तो होतो. पण त्या कथेत जंगलातून वाटसरूंवर धाड घालणारी टोळी आली, आणि ती भिल्लांसारखी बोलू-वागू लागली, तर माझ्या शेजारी बसलेल्या आदिवासी मुलीने कोणत्या बाजूने फासा टाकायचा?

ही शंका हवेतली नाही. इंग्रजांनी खानदेशात आल्यावर आपल्या कागदपत्रांत भिल्लांना लुटारू म्हणून रंगवले. १८२५ मध्ये आउटरम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली गेली आणि तिचे ठाणे धरणगावात होते. १८५८ मध्ये भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याच्या माणसांनी सातपुड्यातील अंबापाणीला इंग्रजांच्या फौजेशी लढाई दिली, हे मात्र आपल्यापैकी कितीजणांना शाळेत शिकवले गेले? तयार साहसकथेतील ‘डोंगरातल्या रानटी टोळ्या’ फक्त नाव बदलून सातपुड्यात आणल्या, तर आपण त्याच कागदपत्रांची बाजू खेळत बसू. नवख्या खेळाडूला हे टेबलावर बोलून दाखवण्याचे धैर्य होत नाही. म्हणून प्रत्येक टेबलावर फुली काढलेले कार्ड ठेवावे. ही पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे: कोणत्याही खेळाडूने त्या कार्डाला बोट लावले की तो प्रसंग तिथेच सोडून दिला जातो आणि कारण विचारले जात नाही. आणि चारही कथा चारही गेम मास्टरांनी आधी एकमेकांना वाचून दाखवाव्यात. हे होणार नसेल तर माझा या दिवसाला पाठिंबा नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

अनामत ऑनलाइन घेऊन सत्र संपल्यावर परत करावी, हे मला मान्य आहे. शाळेचे वर्ग, अकराची वेळ, पालकांची उपस्थिती यांवरही दुमत नाही. तोरणमाळताईंची अट मी अट म्हणून नाही, तर कामाचा पहिला टप्पा म्हणून घेतो: कथा एकमेकांना वाचून दाखवल्याशिवाय एकही टेबल मांडले जाणार नाही.

लळिंगभाऊंशी मात्र माझे पटत नाही. गायगॅक्स आणि अर्नेसन यांची गाठ कुठे पडली, हे त्यांनी सांगितले नाही. अमेरिकेतील लेक जिनिव्हा या छोट्या गावात १९६८ पासून युद्धखेळांचा (टेबलावर लढाया मांडून खेळण्याचा) वार्षिक मेळावा भरू लागला आणि १९६९ च्या मेळाव्यात ही दोन माणसे भेटली. तळघरातला खेळ नंतर आला. आधी असा एक खुला दिवस होता.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. घरच्या बैठकीला कोण येते? ज्याच्या घरी मोकळी खोली आहे त्याचे मित्र, आणि बहुतेक वेळा फक्त मुलगे. यावल किंवा चोपड्याहून येऊन वसतिगृहात राहणारी, विद्यापीठात शिकणारी मुलगी परक्या मुलाच्या घरी रात्री नऊपर्यंत फासे टाकायला जाईल का, आणि तिला कोणी जाऊ देईल का? शाळेच्या वर्गात, दिवसाउजेडी, शिक्षिका दारात उभी असताना ती येईल. टेबलावर तिला उपचार करणाऱ्या पात्राचे पत्रक मिळते. तिच्या पुढ्यात जखमी शत्रू पडलेला असतो, बाकी चौघे ‘संपवून टाक’ म्हणत असतात, आणि ती गेम मास्टरला विचारते, ‘मी याच्यावर उपचार केले तर चालेल?’ गेम मास्टर म्हणतो, ‘पात्र तुमचे आहे.’ तिथून पुढची सगळी कथा बदलते. एवढे घडायला सहा महिने लागत नाहीत. तिला त्या टेबलापर्यंत पोहोचू देणारे दार मात्र लागते.

लळिंगचा पायथा (धुळे)

१९६९ ची भेट मला माहीत आहे. पण त्या मेळाव्याला आलेली माणसे आधीपासून युद्धखेळ खेळत होती; ती नवखी नव्हती. तेव्हा ते उदाहरण आपल्या बाजूने पूर्ण लागू पडत नाही, हे नोंदवतो.

वसतिगृहातील मुलीचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. घरच्या बैठकींना धुळ्यातही हीच मर्यादा आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आपल्या प्रस्तावातही एक जागा रिकामी आहे. त्या मुलीने शत्रूला वाचवले, संध्याकाळी सत्र संपले, अनामत परत मिळाली. मग तो वाचलेला शत्रू पुढच्या रविवारी कुठे भेटणार? दिवस भरवण्याआधीच पुढच्या तीन महिन्यांचे तीन रविवार, तोच वर्ग आणि तेच गेम मास्टर ठरलेले असतील, आणि त्या तारखा प्रत्येक पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतील, तर एक टेबल मी चालवीन. कथा वाचून दाखवायलाही येईन. तारखा ठरणार नसतील तर माझा विरोध कायम आहे.

जंक्शन (भुसावळ)

वर्गांसाठी अर्ज करताना तो चारही रविवारांसाठी एकदमच करावा. शाळा एका दिवसाला हो म्हणतात आणि दुसऱ्या वेळी नवे पत्र मागतात.