चित्रांवर घर चालवायचंय, सल्ला हवाय

जलरंगवेडी:
नमस्कार मंडळी. जीडी आर्ट (चित्रकलेचा डिप्लोमा) झालंय, काही वर्षं पुण्यात एका एजन्सीत काढली, मार्चमध्ये नोकरी सोडली. जलरंगात लँडस्केप करते, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी पण येतात पण त्याचं काही खरं नसतं, दिवाळीआधी झुंबड आणि पावसाळ्यात शुकशुकाट. सगळे म्हणतात मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज टाक, तिथली वेटिंग लिस्ट ऐकून हसूच आलं. तोवर पुण्यातच सोलो शो करू का? आणि एका कॅलेंडरवाल्यांना बारा चित्रं हवीयत, एकरकमी देतो म्हणतायत, घ्यावं का? ज्यांचं घर यावर चालतं त्यांनीच सांगा प्लीज, "पॅशन फॉलो कर" वाले सल्ले भरपूर जमलेत 😅

ब्रशवाला_सांगली:
सोलोची घाई नको. हॉलचं भाडं दिसतं पण खरा खर्च फ्रेमिंगचा, जलरंगाला काच आलीच, त्यात ने-आण करताना दोन तरी फुटतात. खासगी गॅलरी विक्रीतले ३० ते ५० टक्के घेते, म्हणजे किंमत लावतानाच तो हिशोब धरायचा, आणि मग घरून विकताना तेच चित्र निम्म्यात द्यायचं नाही, लोकांना कळतं ते. आधी चौघं-पाचजणं मिळून ग्रुप शो करा.
माझं घरभाडं क्लासवर निघतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या बॅचेस, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक स्वतःहून येतात. शनिवार-रविवार तिकडे, बाकी दिवस माझे.
पोर्ट्रेटला निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नका, आणि बदल किती वेळा करून देणार ते व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. नाहीतर "काकांचं नाक जरा सरळ करा ना" संपत नाही.

पोपटराव:
क्लास सुरू केला की चित्रकार संपला. बघितलेत असे खूप.

ब्रशवाला_सांगली:
@पोपटराव चित्रकार दीनानाथ दलाल लोकांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करत होते, १९४५ ला स्वतःचा दीपावली अंक काढला, धंदाच होता की तो. ते संपले का? वीजबिल तुम्ही भरणार असाल तर उद्या क्लास बंद करतो.

कायद्याचं_बोला:
ताई, कॅलेंडरचं थांबवा जरा. ही चित्रं तुमच्याकडे आधीच तयार आहेत की त्यांच्यासाठी नव्याने काढणार? यावर सगळं आहे. तयार असतील तर कॉपीराइट तुमचा, मूळ चित्र विकलंत तरी हक्क आपोआप जात नाहीत, ते लेखीच द्यावे लागतात. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलंत आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कायदा १९५७ कलम १७ प्रमाणे पहिला मालक ऑर्डर देणारा. पोर्ट्रेटचं पण तेच. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घ्या की हक्क चित्रकाराकडे, त्यांना फक्त अमुक सालच्या कॅलेंडरपुरती, इतक्या प्रतींची परवानगी. तीच चित्रं कॉफीच्या मगवर, डायऱ्यांवर छापायची झाली तर वेगळे पैसे. त्यांच्या कागदावर "कायमस्वरूपी" शब्द दिसला तर सही करू नका. हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, हे त्यांच्या वकिलाला माहीत असतं, आपल्याला नसतं.

सीए_काका:
उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाक गं, सरकारी साइटवर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस. कंपन्या बिल लटकवतात ना, नोंदणी असली की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. भांडायला जायचं नाही, इनव्हॉइसवर उद्यम नंबर आणि ही ४५ दिवसांची-व्याजाची एक ओळ छापायची, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, पण तुला नोंदणी लागते का ते उलाढाल बघून, आणि राज्याबाहेर माल पाठवणार असलीस तर आधीच विचारून घे.

गोव्याची_पोर:
प्रिंट्सचं कुणीच बोललं नाही! माझे ए४ प्रिंट्स ओरिजिनलपेक्षा जास्त जातात, टुरिस्टला बॅगेत मावेल असंच हवं असतं. पण एकदम शंभर छापून घरात थप्प्या लावू नको. राजा रविवर्म्याने १८९४ ला मुंबईत प्रेस काढला, चित्रं देव्हाऱ्यापर्यंत पोचली तरी प्रेस कर्जात, शेवटी जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. ऑर्डर येईल तसं छाप, स्कॅन मात्र चांगला करून ठेव, चित्र विकायच्या आधी.

जलरंगवेडी:
बापरे, कलम १७ कुणीच शिकवलं नव्हतं. तीन चित्रं तयार आहेत, नऊ नवीन काढायचीयत. आता आकडा काय सांगू?

कायद्याचं_बोला:
आकडा आधी सांगायचाच नाही. किती प्रती छापताय, विकायला की गिऱ्हाइकांना फुकट वाटायला, एवढं मेलवर विचारा. फोनवर नको.