‘करोनाने मैफल घरी आणली, भलंच झालं’ : कुणाचं भलं झालं?

डग्गा
परवा या मंचावर एकाने लिहिलं की करोनाने मैफलींचं भलंच केलं. हॉलचं भाडं नाही, प्रवास नाही, पुण्यातला गायक घरात बसून अमेरिकेत पोचला. ज्यांना हे जमलं नाही ते काळाबरोबर बदलले नाहीत, म्हणून बुडाले. दोन दिवस गप्प बसलो, पण ते ‘बुडाले’ काही डोक्यातून जाईना.

मी तबल्याची साथ करतो. २०२० च्या मार्च ते मेमध्ये माझ्या वहीत एकोणीस तारखा होत्या. एप्रिल उजाडेपर्यंत एकोणीसही तारखांवर काट. बदलायचं म्हणजे मी नक्की काय करायचं होतं? गाणारे डोंबिवलीत, मी सांगलीत. व्हिडिओ कॉलवर त्यांचा आवाज माझ्याकडे उशिरा, माझा ठेका त्यांच्याकडे आणखी उशिरा. मी समेवर येतो तेव्हा ते चार मात्रा पुढे गेलेले. त्यात ते अॅप तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकायचं. मग गाणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला : मोबाइलमधला तबला. तो चहा मागत नाही, गाडीभाडं मागत नाही.

प्रवासाची तबल्याची जोडी जुलैत गवसणीतून काढली तर शाईवर पांढरी बुरशी, वाद्या सैल, पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, कडेने भेग. पुडी चढवून देणारे काका मिरजेला. मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर, पण त्यांचं दुकानच बंद. त्यांना तरी काम कुठलं?

दुसरी रांग
ती पोस्ट माझी. माझी आई ८१ वर्षांची, गुडघे गेलेले. सात वर्षं ती एकाही मैफलीला गेली नव्हती. २०२० मध्ये पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव झाला नाही, २०२१ मध्येही नाही, तो थेट २०२२ च्या डिसेंबरात झाला. मधल्या काळात तिने मोबाइल उशीला टेकवून मारवा ऐकला आणि ऐकताना रडली. तीनशे रुपये भरून ऐकला, फुकट नाही. तिचा आनंद तुम्हाला खुपतो का?

डग्गा
आईंना नमस्कार सांगा. त्यांचा आनंद का खुपेल? त्या मारव्याला तबला कुणाचा होता, एवढं फक्त आठवून सांगा.

नारायणगाव स्टँड
तुमचं सगळं बोलणं बैठकीच्या गाण्याचं चाललंय. तमाशाचं कुणी बोलणार आहे का? पाडव्याच्या आधी आमच्याकडे नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रावाले येऊन सुपारी देतात. अख्ख्या वर्षाची भाकरी त्या चार दिवसांत ठरते. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला. देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस तोच.

आमच्या फडात नव्वद माणसं. दसऱ्याआधीच कलावंतांना उचल दिलेली, तीही व्याजाने पैसे काढून. चैत्र-वैशाखाच्या यात्रांत ती फिटते. यात्रा बंद, कर्ज चालू. वर एका गावाची यात्रा कमिटी जूनमध्ये दारात, इसार परत द्या म्हणून. इसार डिझेलात आणि किराण्यात कधीच गेलेला. माझ्या मावशीने पाटल्या मोडून तो फेडला.

आणि तमाशा ऑनलाइन करा म्हणणाऱ्यांनी एक सांगावं. गवळणीत मावशी, म्हणजे गौळणींबरोबरचं ते विनोदी पात्र, समोरच्या पहिल्या रांगेतल्या माणसाची टोपी बघून बोलते. मोबाइलपुढे तिने कुणाची टोपी बघायची?

जर्सीकर
आमच्या मंडळाने त्या काळात सहा ऑनलाइन कार्यक्रम केले, सगळे मानधन देऊन. सरसकट नावं ठेवू नका. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सरकारने डिसेंबर २०२० मध्ये बंद पडलेल्या नाट्यगृहांसाठी आणि कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ अब्ज डॉलर मंजूर केले. तुमच्याकडे काय मिळालं?

नारायणगाव स्टँड
राज्य सरकारने एकरकमी पाच हजार जाहीर केले, तेही २०२१ मध्ये. पाच हजारांत आमच्या एका ट्रकची बॅटरीसुद्धा येत नाही.

गाणारी
डग्गादादा, मोबाइलच्या तबल्यावर गाणाऱ्यांत मीही होते, म्हणून बोलते. लिंकवाल्या कार्यक्रमाचे मला तीन हजार मिळायचे. महिन्यात एक, कधी तोही नाही. घरात दोन शिकवण्या उरल्या होत्या. त्यातून साथीदारांना काय देणार होते?

डग्गा
ताई, हजार दिला असता तरी मी वाजवलं असतं. ठेका रेकॉर्ड करून पाठवला असता, तुम्ही त्यावर गायला असता. पुष्कळांनी तसं केलं. तुम्ही विचारलंच नाही, हे दुखणं आहे. २०२२ मध्ये हॉल परत भरले तेव्हा साथीचं पाकीट किती होतं? २०१९ चंच. गाडीभाडं त्यातच.

गाणारी
पाकीट मी ठरवते असं वाटतं का तुम्हाला? आयोजक मला एक आकडा सांगतो आणि म्हणतो, साथीदारांचं तुमचं तुम्ही बघा. गेल्या वर्षी संवादिनी आणि तबल्याचं देऊन माझ्या हातात बाराशे उरले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

हॉल बुकिंग
आता आयोजकावर आलंच आहे तर ऐका. ५ नोव्हेंबर २०२० पासून नाट्यगृहं उघडली ती निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप, २२ ऑक्टोबरला पुन्हा निम्म्या खुर्च्या. दिवे, ध्वनी, छपाई मात्र पूर्ण दराने. आणि त्या निम्म्यातल्या पहिल्या तीन रांगा पासवाल्यांच्या. घरपट्टीच्या साहेबांपासून शेजारच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पास हवा. शंभर रुपयांचं तिकीट काढायला जीव जातो यांचा. साथीदारांचं पाकीट तिथे जातं.

डग्गा
पास तुम्हीच वाटता, आणि भुर्दंड आम्ही भरायचा? तीस वर्षं हेच ऐकतोय. महामारीच्या आधीही पाकीट बंदच असायचं. आत किती ते घरी जाऊन कळायचं. विचारलं की म्हणायचे, ‘कलावंताने पैशाचं बोलू नये.’ हिशेब उघड्यावर असता तर २०२० मध्ये आमच्या गाठीला चार पैसे असते!

हॉल बुकिंग
आवाज चढवू नका. मी २०२१ मध्ये स्वतःचे स्पीकर विकून दिवेवाल्याचं देणं दिलंय.

डग्गा
तुम्ही दिलं असेल. तुमच्याबद्दलचे शब्द मागे घेतो. पाकिटाबद्दलचे नाही.

दुसरी रांग
आईला विचारलं. ती म्हणाली, तबला एकसारखाच वाजत होता, हातचा वाटला नाही. म्हणजे अॅपच असणार. ‘बुडाले’ हा शब्द चुकला, तो काढतो. पण ज्यांना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन राहिलंच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही.

गाणारी
दादा, १४ तारखेला साताऱ्यात कार्यक्रम आहे. आकडा आधी सांगते, गाडीभाडं वेगळं. येणार का?

डग्गा
फोन करतो रात्री.

नारायणगाव स्टँड
तुमचं पाकिटाचं जमलं, बरं झालं. आमच्या नव्वदातले एकसष्ट परत आले. ढोलकीवाला आला नाही. तो चाकणला रात्रपाळीला आहे, दर महिन्याला पगार हातात पडतो म्हणतो. गेल्या पाडव्याला राहुटीत येऊन बसला. कोपऱ्यातली ढोलकी पुढे ओढून घेतली, चाटीवर बोट फिरवलं आणि परत ठेवून दिली. वाजवली नाही.