मदत हवी आहे: घोड्यांच्या जुन्या शर्यतींवर मॉडेल नफा दाखवतं, नव्या कार्डांवर (दिवसाच्या शर्यतींच्या याद्यांवर) तोटा. घोळ नेमका कुठे असतो?

लांबपल्ला

मंडळी, सपाट (अडथळ्यांविना) शर्यतींच्या मागच्या धावा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये भरल्या आहेत. एक ओळ म्हणजे एका शर्यतीतला एक घोडा: तारीख, अंतर, वर्ग, जमिनीची स्थिती, ड्रॉ (सुटण्याची जागा), वजन, अधिकृत रेटिंग (घोड्याच्या दर्जाचा आकडा), जॉकी, ट्रेनर, विजेत्याची वेळ, किती लेंग्थने (घोड्याच्या लांबीने) मागे राहिला, आणि शेवटचा भाव (जिंकल्यास एका एककामागे मूळ रकमेसह किती मिळतं). पायथनमध्ये लाइटजीबीएम या मशीन लर्निंगच्या साधनाला प्रत्येक घोड्यासाठी 'जिंकला / नाही जिंकला' एवढंच शिकवतो. ऐंशी टक्के ओळी शिकवायला, वीस टक्के चाचणीला, निवड यादृच्छिक. जॉकी आणि ट्रेनरची जिंकण्याची टक्केवारी, प्रत्येक अंतराची सरासरी वेळ, शेवटच्या तीन धावांचा वेग हे रकाने आधीच काढून ठेवलेले आहेत.

अडचणी अशा:
१) चाचणीत चांगला नफा दिसतो, पुढच्या कार्डांवर टिकत नाही.
२) एका शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या शक्यतांची बेरीज कधी 0.7 येते, कधी 1.4.
३) मॉडेलच्या मते जास्त वजन म्हणजे जिंकायची शक्यता जास्त.
४) लेंग्थवरून प्रत्येक घोड्याची वेळ काढताना कोणता हिशोब धरावा?

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. 'आधीच काढून ठेवलेले' रकाने संपूर्ण फाइलवरून काढले असतील, तर जुन्या शर्यतीच्या ओळीत पुढच्या वर्षांची माहिती शिरलेली आहे. जॉकीच्या टक्केवारीत तो ही शर्यत जिंकला की नाही हेसुद्धा मोजलं गेलंय. यादृच्छिक निवडीने भर पडते, कारण एकाच शर्यतीतले चार घोडे शिकवण्यात आणि सहा चाचणीत जातात. विजेता शिकवण्यात दिसला की उरलेले हरले हे मॉडेलला वाकड्या वाटेने कळतं.

विभागणी तारखेनेच करा. जुनी वर्षं शिकवायला, मधलं एक वर्ष सेटिंग ठरवायला, शेवटचं वर्ष एकदाच उघडायचं. आणि रकाने काढताना 'या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत' हीच मर्यादा ठेवा. पांडाज या पायथनच्या लायब्ररीत बरेच जण नुसतं एक ओळ खाली सरकवतात. घोड्यासाठी ते चालतं, कारण तो एका दिवशी एकदाच धावतो. जॉकी एका दिवशी पाच-सहा घोड्यांवर बसतो, त्यामुळे ओळींचा क्रम जरा चुकला तरी संध्याकाळचा निकाल दुपारच्या शर्यतीत शिरतो.

गळती, म्हणजे पुढची माहिती जुन्या ओळीत शिरणं, शोधायची खात्रीची पद्धत: एक जुनी तारीख निवडा. फाइलमधून ती तारीख आणि पुढचं सगळं काढून टाका, त्या दिवसाचं फक्त कार्ड ठेवा, आणि सगळे रकाने नव्याने काढा. आता पूर्ण फाइलवरून काढलेल्या त्याच दिवसाच्या ओळींशी आकडा न् आकडा ताडून पाहा. जो रकाना जुळत नाही तो गळका. हे केल्याशिवाय मॉडेलला हात लावू नका, बाकीचे सगळे निष्कर्ष तोवर निरर्थक आहेत.

आणखी एक. काही फाइलींमध्ये अधिकृत रेटिंग शर्यतीनंतर सुधारलेलं असतं. आणि घोडा नावाने ओळखू नका, क्रमांकाने ओळखा. नावं बदलतात, पुन्हा वापरली जातात.

फर्लांगवाला

चौथ्याचं बघू. लेंग्थ साधारण 2.4 मीटर धरतात. समजा 1200 मीटरची शर्यत, विजेत्याची वेळ 72.6 सेकंद, आपला घोडा 3 लेंग्थ मागे. वेग सेकंदाला साधारण 16.5 मीटर, म्हणजे एका लेंग्थला 0.145 सेकंद. घोड्याची वेळ झाली 73.03. पण तुमच्या ठिकाणचा निकाल कसा लिहितात ते आधी तपासा. अनेक ठिकाणी वेळेतला फरक मोजून तोच एका ठरलेल्या कोष्टकाने लेंग्थमध्ये बदलतात, आणि ओल्या जमिनीवर एका सेकंदाला कमी लेंग्थ धरतात. तसं असेल तर तेच कोष्टक उलटं वापरा, 2.4 मीटरचा हिशोब नको.

आता दिवसाची दुरुस्ती. त्या दिवसाच्या प्रत्येक शर्यतीच्या विजेत्याची वेळ त्या अंतराच्या आणि त्या वर्गाच्या नेहमीच्या वेळेशी ताडा. फरक दर 1000 मीटरला किती ते काढा आणि मध्यक घ्या, सरासरी नको. एखादी रेंगाळत धावलेली शर्यत सरासरी बिघडवते. मध्यक 0.5 सेकंद मंद आला तर 1200 मीटरला 0.6 वजा, म्हणजे वरचा घोडा 72.43. दुपारी पाऊस पडला असेल तर दिवसाचे दोन भाग करून दोन दुरुस्त्या काढा.

दहा-बारा लेंग्थच्या पुढचा आकडा शब्दशः घेऊ नका. हरल्याचं दिसलं की जॉकी घोड्याला सैल सोडतो, मग 14 लेंग्थ काय आणि 22 काय. तिथे वरची मर्यादा घाला. शर्यत पूर्ण न केलेल्या घोड्याला शून्य वेग देऊ नका, तो रकाना रिकामा ठेवून 'पूर्ण नाही' अशी वेगळी खूण करा.

रेटिंग_पाहा

वजनाबद्दल: मॉडेल खोटं बोलत नाहीये. हँडिकॅपमध्ये, म्हणजे वजनाने घोड्यांना बरोबरीत आणणाऱ्या शर्यतीत, चांगल्या घोड्यालाच जास्त वजन देतात, त्यामुळे वजन हे दर्जाचंच दुसरं नाव होऊन बसतं. रेटिंग आणि वजन दोन्ही कच्चे टाकले की एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं. त्याऐवजी मागच्या धावांचा वेग तेव्हाच्या वजनानुसार दुरुस्त करा आणि आजचं वजन या शर्यतीच्या सरासरी वजनापासून किती दूर आहे एवढंच द्या. ढोबळ माप म्हणून 1600 मीटरला एका लेंग्थचा फरक म्हणजे साधारण 0.9 किलो वजनाचा फरक, 1000 मीटरला 1.4 किलोच्या आसपास. अंतर वाढेल तसं एका लेंग्थमागचं वजन कमी होतं. जॉकीची वजनसवलत वजा करूनच प्रत्यक्ष वाहिलेलं वजन घ्या.

कमी नोंदींच्या टक्केवाऱ्याही सावरा. 8 पैकी 3 जिंकलेला जॉकी 37.5 टक्क्यांचा नसतो. सर्वसाधारण प्रमाण 10 टक्के धरून 50 काल्पनिक स्वाऱ्या मिळवा: (3 + 5) भागिले 58, म्हणजे 13.8 टक्के. 50 हा आकडा मधल्या वर्षावर तपासून ठरवायचा.

आकडेमोड

बेरीज 1 येत नाही, कारण तुमचं मॉडेल प्रत्येक घोडा एकटा धावतोय असं समजतं. एकक घोडा नव्हे, शर्यत धरा. कंडिशनल लॉजिटमध्ये प्रत्येक घोड्याला गुण मिळतात, e या संख्येचा गुणाइतका घात घेऊन शर्यतीतल्या सगळ्यांच्या बेरजेने भागतात, म्हणून बेरीज आपोआप 1 होते. बोल्टन आणि चॅपमन या संशोधकांनी 1986 मध्ये हेच मॉडेल शर्यतींना लावलं. शर्यतींवर पैसे लावणारे बेंटर यांनी 1994 मध्ये त्यापुढची पायरी मांडली: आपल्या शक्यतेचा लॉग आणि बाजारभावातून निघणाऱ्या शक्यतेचा लॉग, असे दोनच रकाने घेऊन दुसरं लॉजिट बसवायचं. हे दुसरं लॉजिट पहिल्याने न पाहिलेल्या शर्यतींवरच बसवा, नाहीतर तुमच्या आकड्याला नको तेवढं महत्त्व मिळतं. भाव पहिल्या मॉडेलमध्ये टाकू नका.

नफ्याआधी लॉग-लॉस (शक्यता किती चुकल्या याचं माप, कमी तेवढं चांगलं) पाहा. फक्त बाजारभावाचा लॉग-लॉस आणि एकत्रित मॉडेलचा, दोन्ही शेवटच्या वर्षावर. फरक नसेल तर भावात नसलेलं काहीच तुमच्याकडे नाही, आणि दिसणारा नफा दोन-चार मोठ्या डिव्हिडंडांचा (एका एककामागे मिळणाऱ्या रकमांचा) आहे.

लांबपल्ला

तारखेच्या मर्यादेने रकाने पुन्हा काढतोय. एक शंका: चाचणीत शेवटचा भाव धरतो. ते चालेल का?

फर्लांगवाला

टोटवर (जिथे सगळ्यांचे पैसे एकत्र करून, कपात काढून, जिंकणाऱ्यांत वाटतात) लावणार असाल तर तिथेच मोठा फरक पडतो. शेवटचा डिव्हिडंड पैसे लावताना माहीत नसतो, आणि तुमचे पैसे तो खाली आणतात. समजा विन पूलमध्ये (विजेता कोण यावर लागलेल्या एकूण पैशांत) 1,00,000 एकक, कपात 20 टक्के, तुमच्या घोड्यावर 4,000. डिव्हिडंड 80,000 भागिले 4,000, म्हणजे 20. तुम्ही 1,000 लावलेत की 80,800 भागिले 5,000, म्हणजे 16.16. चाचणीत हा हिशोब घालाच. शर्यत सुटण्याच्या दोन मिनिटं आधीचा भाव आजपासून साठवायला लागा, जुन्या फाइलींत तो बहुधा मिळत नाही.

भांडवलाचा किती हिस्सा लावायचा हे ठरवायला 'केली' नावाचं सूत्र: (शक्यता × भाव − 1) भागिले (भाव − 1). शक्यता 0.12 आणि भाव 10 असेल तर भांडवलाच्या 2.2 टक्के. खरी शक्यता 0.10 निघाली तर लावण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून पाव हिस्सा, म्हणजे 0.55 टक्के, त्याहून जास्त नाही. आणि नव्या मॉडेलला निदान एक हंगाम कागदावरच चालवा.