हंगामात रीस्टार्ट नाही. मग लाइव्ह पॅच खरोखर लागला आहे, हे कसे पाहावे?

मांडवीकाठ (प्रश्न):
आमचे कार्यालय पणजीत असून काही हॉटेलांच्या आरक्षणाचे आणि हिशेबाचे सुमारे चाळीस लिनक्स सर्व्हर आम्ही सांभाळतो. निम्म्यांवर उबुंटू एलटीएस आहे, उरलेल्यांवर रेड हॅट. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की हॉटेलचालक रात्रीच्या रीस्टार्टलाही सहसा तयार होत नाहीत, म्हणून दोन्हीकडे कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, लाइव्ह पॅचिंग (रीस्टार्ट न करता त्रुटी दुरुस्त करणे) चालू केले आहे. अडचण देखरेखीची आहे. कर्नलची आवृत्ती सांगणारी युनेम ही आज्ञा जुनीच आवृत्ती दाखवते, सुरक्षा स्कॅनर तिच्यावरून त्रुटी उघड्या असल्याचा अहवाल देतो आणि लेखापरीक्षक तोच अहवाल पुढे करतात. सगळ्या यंत्रांची स्थिती एका जागी कशी पाहावी आणि इशारे कशासाठी लावावेत, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

फोंडेकर:
युनेम जुनी आवृत्ती दाखवते, यात बिघाड काहीच नाही. लाइव्ह पॅच कर्नल बदलत नाही, तर सदोष फंक्शनकडे जाणारी हाक एफट्रेस या कर्नलमधील सोयीच्या साहाय्याने दुरुस्त फंक्शनकडे वळवतो. खरी स्थिती सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतील) लाइव्हपॅच फोल्डरात सापडते, आणि तिथे प्रत्येक पॅचच्या नावाखाली 'एनेबल्ड' व 'ट्रान्झिशन' अशा दोन फायली असतात. पुष्कळ जण पहिलीच वाचून समाधान मानतात. 'ट्रान्झिशन'मध्ये १ असेल तर काही प्रक्रिया अजून जुन्याच फंक्शनवर आहेत आणि स्थलांतर संपलेले नाही; ४.१२ पासूनच्या कर्नलमध्ये प्रत्येक प्रक्रिया स्वतंत्रपणे, सुरक्षित क्षण मिळेल तेव्हा, नव्या कोडवर जाते. हा १ तासभर टिकला तर इशारा यावा. सक्तीने स्थलांतर पुरे करण्याची सोय आहे, परंतु ती वापरल्यावर तो पॅच मॉड्यूल काढता येत नाही, म्हणून ती शेवटचा उपाय समजावी.

हे आकडे लहान स्क्रिप्टने फाइलीत लिहून प्रोमेथियस या देखरेख प्रणालीच्या नोड एक्सपोर्टरमधील (प्रत्येक यंत्रावरचे आकडे पुरवणारा प्रोग्राम) टेक्स्टफाइल कलेक्टरला द्यावेत. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलावे, नाहीतर अर्धवट मजकूर वाचला जातो. स्क्रिप्ट बंद पडली तरी जुना आकडा तसाच दिसत राहतो, तेव्हा फाइलच्या वयावरही इशारा हवाच.

वेर्णे औद्योगिक वसाहत:
वरील उत्तराला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. लाइव्ह पॅच विशिष्ट कर्नल आवृत्तीसाठी बनतो आणि तिला असे पॅच मर्यादित काळच मिळतात; ती मुदत संपल्यावर सर्व्हर शांतपणे चालत राहतो, पण नव्या त्रुटींपासून त्याचे रक्षण होत नाही. माझ्या मते देखरेखीच्या फलकावर (डॅशबोर्डवर) सर्वांत वर हीच तारीख असावी. उबुंटूवर कॅनॉनिकल-लाइव्हपॅच या साधनाच्या स्टेटस आज्ञेत चालू कर्नल सेवेच्या कक्षेत आहे की नाही हे कळते. रेड हॅटवर तिथल्या केपॅच या लाइव्ह पॅचिंग साधनाच्या लिस्ट आज्ञेने लागलेले पॅच दिसतात, मुदत मात्र विक्रेत्याच्या पानावर पाहावी लागते. लेखापरीक्षकांना याच आज्ञांचे दिनांकित उत्तर द्यावे, कारण केवळ युनेमवर विसंबणारा स्कॅनर त्यांना दुसरे काही सांगूच शकत नाही.

ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची) आणि जीलिबसी (सी भाषेची मूलभूत) या प्रोग्रामांच्या सामायिक लायब्ररी कर्नल पॅचिंगच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचे अद्ययावतीकरण झाल्यावर संबंधित सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात. कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या हे सांगणाऱ्या नीडरीस्टार्ट या साधनाची यादीही त्याच फलकावर आणावी.

मांडवीकाठ:
आभारी आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसनेही साथ सोडली, तर पॅचचे काय होते?

फोंडेकर:
स्मृतीतला पॅच जातो. रेड हॅटवर केपॅचची सेवा एनेबल केलेली असेल तर बूट होताना तो पुन्हा चढतो. मात्र दरम्यान कर्नलचे नवे पॅकेज बसले असेल, तर यंत्र बहुधा त्या न तपासलेल्या कर्नलवर उठते आणि जुन्या कर्नलसाठीचा पॅच तिथे लागू होत नाही. म्हणून बूटनंतरच्या पहिल्याच तपासणीत कर्नल बदलला का, हे वेगळे नोंदवावे.