एनएएस (नेटवर्कवरचा फाइली साठवायचा डिस्कांचा डबा) रांगायला लागलं तेव्हा तुमचं काय झालं?

शहापूर, बेळगाव
काल वळवाने झोडपलं, दोनदा लाईट गेली. परत आली तर नेटवर्कच्या वायरी जोडायच्या स्विचवरचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी. छातीत धस्स झालं, कारण हे मी आधी भोगलंय. लगीनसराई, स्टुडिओत ६० जीबी फोटो एनएएसवर कॉपीला लावलेले आणि वेग सेकंदाला ११ एमबी. दीड तास! एरवी दहा मिनिटांचं काम. डिस्क गेली म्हणून मी नव्या डिस्कच्या किमती काढत बसलो. शेजारच्या पोराने नुसता आकडा बघितला. "काका, ११ एमबी म्हणजे १०० एमबीपीएसची (मेगाबिटची) लिंक, आठ बिटांचा एक बाइट. वायर बघा." गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) वायरीतल्या आठही तारा लागतात, उंदराने एक कुरतडलेली. डिस्क ठणठणीत होती. तुमचं काय झालेलं, लिहा की.

खानापूर
आमच्यात वायफाय होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, एनएएस माडीवर, लॅपटॉप सोप्यात. वायर ओढली, प्रश्न मिटला. तव्यावर भाकरी आहे, नंतर येते.

निपाणीकर
रेड ५ (डिस्क अशा जोडलेल्या की एक गेली तरी डेटा वाचतो) मधली डिस्क बदलली, रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, पाच दिवस संपेना. नवी डिस्क एसएमआर निघाली, खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची पण उचलावी लागतात, लिहिताना तसंच होतं. वाचताना काही कळत नाही, रिबिल्डला मात्र जीव जातो. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं. रात्री उठून टक्के बघायचो. मॉडेल नंबर बघून सीएमआरच (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) घ्या.

चिकोडी
कौलांवरून आठवलं, गोठा शाकारायचाय. कोणी माणूस आहे काय पावसाच्या आत?

निपाणीकर
आहे की. संध्याकाळी सांगतो.

टिळकवाडी
अण्णा गेल्यावर त्यांच्या भजनाच्या कॅसेटी मी एनएएसवर उतरवल्या. एक दिवस फोल्डर उघडायला मिनिट लागायला लागलं. मी दोन आठवडे नुसतं रीस्टार्ट करत राहिले. मग स्मार्टचा (डिस्कच्या तब्येतीचा) रिपोर्ट काढला तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, शंभराच्या वर, रोज वाढत चाललेले. डिस्क तीच जागा परत परत वाचायला बघत होती, म्हणून सगळं अडत होतं. त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी घेतली, तरी तीन फाइली गेल्याच. मी बॅकअप ठेवला नव्हता. तसं करू नका. मंद झालं की आधी कॉपी घ्या, मग दुरुस्ती.

चिकोडी
वाईट वाटलं ताई.

शहापूर, बेळगाव
ताई, तुमचं वाचून लगेच रिपोर्ट काढला. पेंडिंग शून्य. वायर काढून परत बसवली, ११० येतंय. आता कॉपीला लावलंय.

खानापूर
आले. ताई, राहिलेल्यातलं एखादं भजन ऐकवा ना.

टिळकवाडी
एकादशीला पाठवते.